बारा ते दोन

१२ एप्रिल

पोचले एकदाची. खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर टाकलेला खोका. एक खाट, एक टेबल, आणि वारा कमी न् कुरकुर जास्त करणारा पंखा. ऊन आत येऊ नये म्हणून खिडकीच्या काचेला कुणीतरी निळा कागद चिकटवलाय. त्यानं भिंत, चादर, माझे स्वतःचे हात, सगळं आजारी दिसत होतं. या उजेडात मी रंग काय कपाळ तपासणार! बॅग उघडायच्या आधी तो कागद सोलून काढला. आता ऊन येतं. येऊ दे.

काम साधं आहे. पलीकडची सगळी वाळवंटी जमीन कंपनीला सौर पॅनलसाठी हवी आहे. ती रिकामी आहे, कुणी वापरत नाही, हे जमीन खात्याला पटलं की मिळेल. सुनावणी नऊ मेला. त्यासाठी बारा ठिकाणांवरून चाळीस फोटो काढायचे आणि सुधारून द्यायचे. प्रत्येक ठिकाणी लाल खुंटी ठोकलेली आहे. वेळही ठरलेली: दुपारी बारा ते दोन. करारातच लिहिलंय. फोटो काढायला शिकवणारा कुठलाही माणूस पहिल्याच दिवशी सांगतो, या वेळेत कॅमेरा पिशवीत ठेवा आणि झोपा.

पण मी हो म्हटलं. सोळा वर्षं स्टुडिओत बसून नवरीमुलींच्या गालांवरच्या पुटकुळ्या पुसल्या. स्टुडिओ बंद पडल्यापासून आठ महिने ताईच्या घरी, तिच्या शिलाई मशीनच्या खोलीत राहतेय. करारावर माझ्या नावापुढे 'छायाचित्रकार' असं छापलंय. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा. हे नीट झालं तर पुढच्या तीन जागांचं कामही मलाच, असं कंपनीचे साहेब म्हणाले. नाही झालं तर शिलाई मशीन आहेच.

साहेबांचा शर्ट या उकाड्यातही कडक. एक सुरकुती नाही. मनातल्या मनात त्यांचं नाव 'इस्त्री' ठेवलं.

१३ एप्रिल

अंगाची लाही लाही झाली.

हा उजेड नाही, हा मार आहे. ऊन बरोबर डोक्यावर. कशाला सावली म्हणून नाही. समोर दोन मैल जमीन आणि फोटोत काय येतं, तर खाली एक पिवळट पट्टा, वर एक पांढरट पट्टा. उंचवटा कळत नाही, खड्डा कळत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःचं तोंड सोडून काही दिसत नाही. ट्रायपॉडच्या पायांना हात लावला तर फोडच. शेवटी माझे मोजे काढून त्या पायांना घातले. गाडीवाले काका हे बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"मॅडम, आता त्याला बूट पण घ्या."

काका मला रोज आणायला-सोडायला आहेत. ओला टॉवेल कॅमेऱ्यावर टाकायची युक्ती त्यांचीच. तसे बरे आहेत, पण सारखं गुणगुणतात.

एकवीस फोटो काढले. एकही धड नाही.

१५ एप्रिल

जमलं! जमलं जमलं जमलं!

सगळी गंमत फोटो काढण्यात नाही, नंतरच्या कामात आहे. दुपारचा फोटो मुद्दाम जरा काळोखा काढायचा, म्हणजे वाळूचा रंग जळत नाही. मग लॅपटॉपवर उजळ भाग दाबायचा, आभाळात हलका निळा ओढायचा आणि वाळूतला लालसरपणा हळूच वर आणायचा. हळूच! भाजीत मीठ टाकतो तसं. जास्त झालं की गेलं. बघता बघता तो मेलेला पट्टा असा काही तकाकायला लागला की मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

चौथ्या खुंटीवरच्या फोटोत उजवीकडे काळपट ठिपके होते. मोठे करून बघितले तर दगड. अकरा. धड ओळीत नाहीत, धड विखुरलेले नाहीत, आणि नजर सारखी तिकडेच जाते. काढून टाकले. पाऊण तास गेला, कारण प्रत्येकाच्या भोवतीची वाळू वेगळी, एकीकडची उचलून दुसरीकडे लावली तर ठिगळ दिसतं. एकेकाला स्वतंत्र न्याय दिला. आता कुणी भिंग लावून बघितलं तरी सापडायचं नाही. सोळा वर्षांचा हात आहे हा.

इस्त्रीसाहेबांना पाठवला. पाच मिनिटांत फोन. "वा, मॅडम. अगदी स्वच्छ."

स्वच्छ! स्टुडिओत कुणी कधी एवढंही म्हणालं नव्हतं.

१७ एप्रिल

साहेबांना विचारलं, चार-पाच फोटो सकाळी सहाला काढू का, अहवाल जरा देखणा होईल. म्हणाले, "नको, मॅडम. सकाळी सावल्या फार असतात. गोंधळ होतो."

सावल्यांनी गोंधळ होतो! त्या माणसाला फोटोतलं काही म्हणजे काही कळत नाही. पण गिऱ्हाईक आहे. मी मूग गिळून बसले.

१८ एप्रिल

ताईचा फोन. पंखा सुधारला का, डोक्याला काही बांधतेस का, पाणी पितेस का. मग नेहमीप्रमाणे आईच्या फोटोवर आली. आई गेली तेव्हा भिंतीवर लावायचा फोटो मीच तयार केला होता. तिच्या हनुवटीवर भाजल्याचा जुना व्रण होता. तो मी पुसला. छान केलं असं वाटलं होतं मला. ताई त्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली होती, "ही कोण बाई?" आणि मूळ फाइल मी त्याच नावानं साठवून घालवलेली. सहा वर्षं झाली. अजून दर महिन्याला विचारते, "सापडली का गं?"

तेव्हापासून मी कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल कधी पुसत नाही. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "माझ्या काय उपयोगाचं ते?"

फोन ठेवल्यावर काही सुचेना. संध्याकाळपर्यंत नुसती खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून खाटेवर.

२१ एप्रिल

सातव्या खुंटीवर सगळं जुळवून ठेवलं आणि फोटोत शेळ्या. त्यांच्यामागे एक बाई, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, माझ्याच वयाची असेल. हात हलवून ओरडले, "अहो, बाजूला व्हा!" तर ती बाजूला व्हायच्या ऐवजी सरळ माझ्याकडेच आली. शेळ्यांसकट.

"झालं का तुमचं? जाऊ?"

"कुठं जाताय या उन्हात?"

"विहिरीवर. दिवसातून तीन खेपा. दुपारची चुकली की या रात्रभर माझ्या नावानं बोंबलतात." एक शेळी माझ्या ट्रायपॉडचा मोजा चघळत होती. तिनं तिला एक धपाटा घातला. "हे फोटो कचेरीत जाणार ना? सुनावणीला?"

हो म्हटलं.

"बरं झालं बाई तुम्ही आलात. आम्हाला कागद मागतात. आजे-पणजे याच वाटेनं पाण्याला गेले, त्याचा कागद कुठला आणायचा? आता फोटोत सगळं येईल. फोटो काही खोटं बोलत नाही."

तिची वस्ती लांबच्या एका टेकाडामागे आहे म्हणे. बारा-तेरा घरं. मी विचारलं, वाट कुठं आहे, मला तर दिसत नाही. ती म्हणाली, "उन्हाची कुठं दिसणार? सकाळच्या या."

जाताना माझ्या मोज्यांकडे बघून फिदीफिदी हसत होती. मोठी गमतीची बाई आहे.

२२ एप्रिल

सातव्या खुंटीचा एकच फोटो चांगला आलाय आणि नेमकी त्यात शेळीवाली. इस्त्रीसाहेब फोनवर म्हणाले, "फोटो फार सुरेख आहे हो. फक्त ती बाई नसती तर..." वाक्य अर्धवट सोडलं. मला कळलं. चार मिनिटांत बाई गेली, शेळ्या गेल्या. पायांखाली बशीएवढी सावली होती, तीही गेली.

काम उत्तम झालंय. मग इतकं चिडचिडल्यासारखं का होतंय? बहुतेक उकाडा.

२३ एप्रिल

काही नाही. पंख्याचा आवाज मोजला. मिनिटाला चाळीस.

२५ एप्रिल

दोन रात्री झोप लागेना म्हणून काल काकांना म्हटलं, उद्या पहाटेच जाऊ, माझ्या हौसेसाठी. काकांचं गुणगुणणं थांबलं. बरोबर साडेपाचला गाडी घेऊन हजर.

टेकाडाच्या कडेवरून ऊन आडवं आलं आणि देवा रे! ती जमीनच नव्हे ती. बारा दिवस मी जिला सपाट म्हणत होते तिच्यावर वाटाच वाटा. एक मोठी, विहिरीकडे जाणारी, पावलांनी मधोमध खोलगट झालेली. तिला येऊन मिळणाऱ्या लहान किती तरी. शेळ्या कोंडायची दगडांची गोल कडी, सहा तरी होती. जुन्या बांधांच्या रेघा. प्रत्येक गोष्टीची लांबच लांब सावली पडलेली, जणू कुणी पेन्सिलीनं खाली रेघ मारून दाखवतंय. मी वेड्यासारखी धावत होते. साठ-सत्तर फोटो काढले. आयुष्यात इतके चांगले फोटो काढले नसतील. एक लगेच ताईला पाठवला.

चौथ्या खुंटीपाशी शेळीवाली भेटली. त्या अकरा दगडांशी बसली होती. तिच्या हातात पाण्याचा लहान डबा होता.

मी सहज विचारलं, हे काय आहे.

"आमची माणसं." ती बोटानं दाखवत गेली. "हा सासरा. ही सासू. ही जाऊ, बाळंतपणात गेली. हे लोक माझ्या आधीचे, मला नीट माहीत नाही. आणि हा कडेचा बारका, तो माझा. तीन वर्षांचा होता. तापानं गेला."

बारक्या दगडावर तिनं डब्यातलं पाणी ओतलं. वाळूनं ते लगेच पिऊन टाकलं.

मी कॅमेऱ्याची पिशवी आवरली. काकांना म्हटलं, चला. परतीच्या रस्त्यात त्यांनी खिडकी थोडी खाली केली आणि परत वर केली.

२६ एप्रिल

साहेबांना फोन केला. एका दमात सगळं सांगितलं: वाटा, कडी, दगड.

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आपण कुठं काय खोटं सांगितलंय? दुपारी बारा ते दोन जे दिसतं तेच फोटोत आहे. फोटोखाली वेळही छापलीय."

"पण दगड मी काढून टाकलेत."

"ते तुम्ही तुमच्या मनानं केलंत. मी सांगितलं होतं का?"

नव्हतं सांगितलं. खरंच नव्हतं सांगितलं. त्या माणसानं नुसतं 'स्वच्छ' म्हटलं आणि मी शेपूट हलवली.

"ती बाई काढायला सांगितलंत!"

"मी म्हटलं, नसती तर बरं झालं असतं. आठवून बघा." मग एकदम मायेनं म्हणाले, "उन्हाचा त्रास होतोय तुम्हाला. दोन दिवस आराम करा."

२८ एप्रिल

आराम कसला. लॅपटॉप उघडते, बंद करते. दोन फोटो शेजारी शेजारी ठेवते, सकाळचा आणि माझा. माझा जास्त सुंदर आहे, हे लिहायची लाज वाटते, पण आहे.

ताईला सांगितलं. वाटलं होतं, समजून घेईल. कसलं काय. म्हणाली, "तुझा हातच तसा आहे. दिसलं की पुसायचं. आईचं पण तेच केलंस."

"मी काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतंस तर भांडता तरी आलं असतं."

मी रागानं फोन आपटला. तासाभरानं तिचाच परत आला, पाणी पितेस का म्हणून.

१ मे

साहेबांकडे गेले. म्हटलं, मूळ फाइली घ्या आणि सकाळचे फोटोही लावा. त्यांनी मला थंड सरबत दिलं. अहवाल छापून झालाय म्हणाले. आणि मग फार सावकाश, शाळेतल्या मास्तरासारखं समजावून सांगितलं: "समजा, तुम्ही सुनावणीत म्हणालात की मी फोटो बदलले. मग तुमच्या सकाळच्या फोटोंवर तरी कोण विश्वास ठेवणार? त्यातल्या सावल्याही तुम्हीच ओढल्या असतील. नुकसान त्या वस्तीचंच. आणि तुम्हाला पुन्हा कोण काम देणार?"

शर्टाला अजूनही सुरकुती नाही. सरबत संपवून उठले.

४ मे

सही केली.

फोटो जसे काढले तसेच दिले आहेत, असं प्रमाणपत्र असतं, त्यावर. खाली 'छायाचित्रकार' छापलेलं होतं. मनाशी म्हटलं, मी बोलले तरी कुणाचं भलं होणार नाही, साहेबांचं म्हणणं खोटं नाही. मनाशी म्हटलं, आठ महिने शिलाई मशीनच्या खोलीत काढलेत. मनाशी बरंच काही म्हटलं. बाहेर आले तर काका गाडीला टेकून उभे. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी मागचं दार उघडलं. रोज मी पुढं बसते.

६ मे

उद्या निघायचं म्हणून आवराआवर करत होते तर दारात शेळीवाली. आज शेळ्या नव्हत्या. केस विंचरलेले, धुतलेले कपडे. खुर्चीवर बसायला तयार होईना, खाटेच्या कडेवर टेकली.

"एक मागू का? आमच्या बारक्याचा फोटो कधी काढलाच नाही. कोण काढणार होतं? तुमच्याकडे त्याच्या दगडाचा असेल. मोबाइलवर टाकाल का मुलीच्या?"

हो म्हटलं, त्यात काय. लॅपटॉप उघडला. घाईत, बावळटासारखा, चुकीचा फोटो उघडला. माझा. स्वच्छ.

ती पुढं वाकली. खूप वेळ बघत राहिली. मग बोट काचेवर टेकवलं, अगदी नेमकं, एक केसाचंही अंतर नाही, आणि म्हणाली, "इथं असतो तो." मग माझ्याकडे वळली. माझीच समजूत काढल्यासारखी म्हणाली, "ऊन फार आहे ना. म्हणून आला नसेल."

मी म्हटलं, "हो. ऊन फार आहे."

मग सकाळचा फोटो शोधून तिच्या मुलीच्या नंबरवर पाठवला. ती हात जोडून गेली. काचेवर तिच्या बोटाचा डाग आहे. पुसवत नाही.

'हो' म्हटलं मी. कसं म्हटलं? जीभ झडली कशी नाही माझी?

७ मे

गेले नाही. काकांना म्हटलं, सुनावणी होईपर्यंत थांबते. काका म्हणाले, "खोली रिकामी करायला सांगतील." मग म्हणाले, "माझ्या बहिणीकडे जागा आहे."

इथंच लिहून ठेवते, म्हणजे परवा पाय मागं घेता येणार नाही: मी सांगणार आहे. सकाळच्या फोटोंवर विश्वास बसो न बसो.

९ मे

कचेरीत पंखे तीन, माणसं साठ. वस्तीचे लोक भिंतीला टेकून उभे, शेळीवाली पुढच्या बाजूला. जमीन अधिकारी ठेंगणे, चष्मा कपाळावर. मोठ्या पडद्यावर माझे फोटो एकामागून एक. लोक 'वा' म्हणाले. खरंच म्हणाले.

चौथ्या फोटोला मी उठले. आवाज चिरका निघाला. "साहेब, हे माझं काम आहे. यात मी अकरा दगड पुसलेत. सातव्या फोटोतून एक बाई आणि तिच्या शेळ्या पुसल्यात. जसे काढले तसेच दिले, अशी सही केली. ती खोटी आहे."

शेळीवालीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. तिनं मान फिरवली.

इस्त्रीसाहेब उठले. "या बाई स्वतःच सांगतायत की त्या फोटो बदलतात. मग आता त्या जे सकाळचे फोटो दाखवतील त्यांचा काय भरवसा?" अगदी ठरल्याप्रमाणे. मी मूळ फाइली पुढं केल्या. अधिकाऱ्यांनी लॅपटॉप उलटासुलटा करून बघितला, जणू खाली काही लिहिलंय.

मग चष्मा डोळ्यांवर घेतला. "फोटो राहू द्या. जागा कुठं पळून गेली नाही ना? मी उद्या सकाळी साडेसहाला येतो."

देवा, उद्या ऊन पडू दे. कडक, आडवं, सावल्यांचं.

१० मे

ऊन पडलं नाही.

पहाटेपासून धुळीचं वारं. सहाला बाहेर आले तर आभाळ आणि जमीन एकच मळकट रंग. कशाला सावली नाही. दुपारपेक्षा वाईट. चौथ्या खुंटीपाशी गाड्या थांबल्या. अधिकारी, त्यांचा कारकून रजिस्टर छातीशी धरून, इस्त्रीसाहेब तोंडाला रुमाल लावून. वस्तीचे लोक थोडे लांब.

अधिकारी डोळे किलकिले करून म्हणाले, "कुठं आहे काय?"

वाळू सरकली होती. मला पण काही दिसेना. रुमालामागे इस्त्रीसाहेब हसले असतील, मला दिसलं नाही.

मी खुंटीला पाठ टेकून उभी राहिले, फोटो काढताना राहिले होते तशी. डोळे मिटले. आणि फोटो आला. पाऊण तास त्यातल्या एकेका दगडाशी बसले होते मी. एकेकाच्या भोवतीची वाळू वेगळी होती. पहिला, डावीकडे लालसर वाळू, मध्ये बारीक खडी. डोळे उघडून तिकडे चालत गेले, गुडघ्यांवर बसले आणि हातानं वाळू ओढली. दगड लागला.

"एक," मी म्हटलं. कारकुनानं लिहिलं.

दुसरा तिथून सात पावलं, वाळू फिकट, राखेसारखी. लागला. तिसरा-चौथा जवळ जवळ, मध्ये काटेरी खुरट. पाचव्याला चुकले, हातभर उजवीकडे होता. नखांत वाळू गेली, बोट कापलं, मला काही कळत नव्हतं. सहा. सात. वस्तीचे लोक एव्हाना जवळ आले होते. कुणी मदत केली नाही. दहावा बराच खाली गेलेला, कोपरापर्यंत हात घालावा लागला.

अकरावा सापडेना. कडेचा. फोटोत मी तो सगळ्यात शेवटी पुसला होता, आणि तो इतका लहान होता की एका फटक्यात गेला होता. त्याची वाळू मला आठवतच नव्हती. मी इकडे उकरलं, तिकडे उकरलं. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. "दहा लिहा," ते कारकुनाला म्हणाले.

तेव्हा शेळीवाली पुढं आली. माझ्या बाजूनं गेली, माझ्याकडे न बघता. चार पावलं चालून खाली बसली आणि तळहातानं वाळू बाजूला केली, झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण सरकवावं तशी. बारका दगड वर आला.

कारकून वाकला. "अकरा. हा कुणाचा?"

तिनं नाव सांगितलं. बापाचं नावही सांगितलं. कारकुनाला वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही, म्हणून तिनं परत, जोरात सांगितलं. ते लिहून होईपर्यंत ती त्याच्या पेनाकडे बघत बसली होती.

निकाल सव्वीस तारखेला आहे. काय लागेल कुणास ठाऊक. पाण्याची वाट, शेळ्यांची कडी, ते सगळं अजून बघायचंय, अधिकारी परत येणार आहेत.

ते नाव मी ऐकलं. इथं लिहीत नाही. ते तिनं मला सांगितलेलं नाही.